गिरणी कामगारांचे आद्य पुढारी : नारायण मेघाजी लोखंडे



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे आणि तिच्यात कामगार चळवळीवर काहीतरी लिहा, असा मंडळाच्या कार्यकर्त्यांचा आग्रह झाला. आम्ही पडलो गिरणी कामगार. शाळा अर्धवट सुटली, पुढचं वाचन झालं ते पाळी सुटल्यावर. तेव्हा प्राध्यापकी थाटाचा लेख आमच्याकडून होणार नाही. पण ज्या खात्यात, ज्या धुळीत आणि ज्या माणसांत आयुष्य गेलं, त्याविषयी दोन शब्द लिहिण्याचा आमचा हक्क आहे असं आम्हाला वाटतं. म्हणून ज्या माणसामुळे या मुंबईतल्या कामगाराला रविवारची सुट्टी पाहायला मिळाली, त्या नारायण मेघाजी लोखंडे यांचं चरित्र थोडक्यात सांगत आहोत.

दर रविवारी आपण विहारात जमतो. वंदना होते, मुलांचे वर्ग होतात, लग्नाच्या बैठका होतात. हा रविवार आपोआप मिळालेला नाही. तो मागावा लागला, त्यासाठी सभा घ्याव्या लागल्या, सह्या गोळा कराव्या लागल्या. आणि हे काम ज्याने केलं त्याचं नाव आपल्या वस्तीतल्या दहा मुलांना विचारलं तर एकालाही धड सांगता येणार नाही. ही खंत आहे.

दुसरंही एक कारण आहे. नोकरी कशी लागते, बढती कुणाला मिळते, साहेबाच्या कानाशी कोण लागतो, हे सगळं ओळखीपाळखीवर चालतं. याला आपण वशिला म्हणतो. हा वशिला कसा तयार होतो, तो कुणाला आत घेतो आणि कुणाला दाराबाहेर ठेवतो, आणि त्याच ओळखीच्या धाग्यांतून संघटना कशी विणता येते, हे शिकायचं असेल तर लोखंडे यांच्या आयुष्याइतका चांगला धडा नाही.

जन्म आणि नोकरी

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाण्यात, एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. घराण्याचं मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. १८४८ हे साल आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे, कारण त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली. घरच्या गरिबीतून नारायणरावांनी इंग्रजी शिक्षण घेतलं. त्या काळात बहुजन समाजातल्या मुलाने इथवर शिकणं ही लहान गोष्ट नव्हती. आधी रेल्वेत, मग पोस्टात त्यांनी नोकरी केली आणि पुढे ते मुंबईच्या मांडवी भागातल्या गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले.

ज्यांनी गिरणी पाहिली आहे त्यांना स्टोअर म्हणजे काय हे सांगायला नको. नव्या पिढीसाठी सांगतो. बाबिन, धोटा, पट्टा, तेल, जे जे यंत्राला लागतं ते ते स्टोअरमधून मिळतं. प्रत्येक खात्याचा माणूस दिवसातून कधी ना कधी त्या खिडकीशी येतो. साहेबाची चिठ्ठी तिथे येते आणि कामगाराची तक्रारही तिथेच ऐकू येते. स्टोअरकीपर साहेब नसतो आणि यंत्रावरचा कामगारही नसतो, तो दोघांच्या मधला. अशा जागी बसलेला माणूस दोन तऱ्हेने वागू शकतो. एक तर वरच्याचे कान भरून स्वतःची भाकरी भाजून घेतो, नाहीतर खालच्याचं दुःख समजून घेऊन ते वर मांडतो. लोखंड्यांनी दुसरा रस्ता धरला.

त्यावेळची गिरणी

मुंबईत पहिली सूतगिरणी कावसजी नानाभाई दावर या पारशी गृहस्थाने १८५४ साली उभी करायला घेतली आणि १८५६ साली ती ताडदेवला सुरू झाली. पुढच्या तीस वर्षांत गिरण्यांची रांग लागली. कोकणातून, घाटावरून, सातारा-पुण्याकडून माणसं पोटासाठी मुंबईला आली. विजेचे दिवे नव्हते, म्हणून कामाची वेळ सूर्याच्या हाती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. सणाची मिळालीच तर मिळाली. दुपारी जेवायला ठरलेली वेळ नाही, यंत्र चालू असतानाच आळीपाळीने भाकरीचे चार तुकडे पोटात ढकलायचे. पगार महिना संपल्यावर कधी मिळेल याचा भरवसा नाही. हात यंत्रात गेला तर नशिबाला दोष द्यायचा आणि गावाला परत जायचं. लहान मुलंही कामाला असत. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. सात वर्षांच्या मुलाने नऊ तास काम करावं, ही त्या काळाची सुधारणा! बाया आणि पुरुष यांच्यासाठी तर त्या कायद्यात तासांची मर्यादाच नव्हती.

आणि या सगळ्याच्या मध्यभागी उभा होता जॉबर, म्हणजे मुकादम. बायकांच्या खात्यात तिला नायकीण म्हणत. मालकाला कामगाराची भाषा येत नव्हती, त्याला कामगाराचं तोंडही पाहायचं नव्हतं. माणसं आणायची जॉबरने, कामाला लावायची जॉबरने, काढायचीही जॉबरनेच. सकाळी गिरणीच्या दारात माणसं उभी राहत आणि जॉबर ज्याच्याकडे बोट करील तो आत जाई. साहजिकच जॉबर आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या जातीचा माणूस आधी घेणार. जो आत गेला त्याने जॉबरला दस्तुरी द्यायची. काही जॉबर खोल्या भाड्याने देत, कुणी व्याजाने पैसे देत, कुणाची खानावळीशी नाहीतर वाण्याशी भागीदारी असे. म्हणजे गिरणीत त्याच्याच हाताखाली, चाळीत त्याच्याच खोलीत आणि महिनाअखेरीला त्याच्याच कर्जात.

पण ही एकच बाजू सांगितली तर ते अर्धसत्य होईल. परक्या शहरात नव्याने आलेल्या माणसाला गाववाल्याशिवाय कोण होतं? गावच्या गाळ्यात अंग टाकायला जागा मिळे, खानावळीत उधारीवर जेवण मिळे, आजारी पडला तर गाववालाच त्याला बोटीत बसवून देई. जॉबरलाही कामगारांची मर्जी राखावी लागे, कारण माणसं रुसून दुसऱ्या गिरणीत गेली की यंत्रं बंद आणि जॉबरची किंमत शून्य. म्हणून जॉबर कधी मालकाचा चाबूक होई, तर कधी कामगारांचा म्होरक्याही होई. ओळखीचं जाळं हे असं दुधारी असतं. ते माणसाला तारतं आणि बांधूनही ठेवतं. लोखंडे यांनी हे जाळं जवळून पाहिलं होतं.

सत्यशोधकांची साखळी आणि दीनबंधू

२४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. लोखंडे या चळवळीत आले आणि जोतीरावांचे जिवाभावाचे सहकारी झाले. मुंबईत सत्यशोधक समाजाच्या पाठीशी कोण उभे राहिले ते पाहण्यासारखं आहे. व्यंकू बाळाजी काळेवार, जाया कराडी लिंगू, रामय्या व्यंकय्या अय्यावारू ही नावं वाचा. ही तेलगू मंडळी. आंध्राकडून येऊन मुंबईत बांधकामाची कंत्राटं घेऊन स्वकष्टाने वर आलेली. त्यांच्याकडे पैसा होता, माणसं होती, आणि ब्राह्मणशाहीच्या जाचाचा अनुभवही होता. एका बाजूला पुण्याचा माळी समाजातला शिक्षक, दुसऱ्या बाजूला मुंबईचे तेलगू कंत्राटदार, तिसऱ्या बाजूला गिरणीतला स्टोअरकीपर. जात वेगळी, भाषा वेगळी, धंदा वेगळा. तरी विचाराने ही माणसं एका धाग्यात आली. गाववाल्याची ओळख जन्माने मिळते. ही ओळख विचाराने मिळवलेली होती. आमच्या मते मुंबईच्या कामगार चळवळीचं बी इथेच पडलं.

कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात दीनबंधू नावाचं साप्ताहिक काढलं होतं. शेतकरी आणि कष्टकऱ्यांची बाजू मांडणारं हे पत्र. पैशाअभावी ते चालेना, तेव्हा १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईला आणून चालवायला घेतलं आणि मरेपर्यंत त्याची धुरा वाहिली. त्यातून गिरणीतली हकीगत बाहेर येऊ लागली. वर्तमानपत्र काढणं म्हणजे काय त्रास असतो, हे साधी चार पानांची स्मरणिका काढणाऱ्या आपल्या मंडळालाही ठाऊक आहे! जाहिरात देणारे शेटजी कामगाराच्या पत्राला जाहिरात कशाला देतील? तरी त्यांनी ते चालवलं.

या पत्राचा आपल्याशी जवळचा संबंध आहे तो असा. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर, ज्यांनी १८८८ साली विटाळ विध्वंसन लिहून अस्पृश्यतेवर पहिला जोरदार घाव घातला, त्यांचं लेखन दीनबंधूतही प्रसिद्ध झालं. आपल्या माणसाला त्याकाळी कोण छापणार होतं? तिथे दीनबंधूने जागा दिली. एका साप्ताहिकातला एक रकाना, पण त्यामुळे कोकणातल्या एका पेन्शनर महार सैनिकाचा आवाज मुंबई-पुण्याच्या वाचकांपर्यंत गेला.

१८८४ ची सभा

१८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. साहेब लोक मालकांना विचारतील, डॉक्टरांना विचारतील, पण कामगाराला कोण विचारणार? लोखंड्यांनी संधी ओळखली. त्यांनी कामगारांना एकत्र केलं आणि २३ व २६ सप्टेंबर १८८४ रोजी परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे मागण्या ठरल्या आणि त्या अर्जावर ५,५०० कामगारांनी सह्या-अंगठे केले.

मागण्या अशा होत्या : आठवड्यातून एकदा, रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावं. मागल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

या मागण्या पुन्हा एकदा वाचा. यात महाल नाही की माडी नाही. जेवायला अर्धा तास आणि मेलेल्या हाताची भरपाई, एवढंच माणूसपण मागितलेलं आहे. याच वर्षी त्यांनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन ही संस्था सुरू केली. हिंदुस्थानातली गिरणी कामगारांची ही पहिली संस्था मानली जाते, आणि म्हणूनच लोखंड्यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हटलं जातं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही संस्था आजच्या अर्थाने युनियन नव्हती. तिच्या सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, फंड नव्हता, लिखित नियमही नव्हते. लोखंडे स्वतःच कामगारांचे सल्लागार म्हणून काम पाहत. काही विद्वान यावरून तिला कमी लेखतात. पण आम्ही कामगार म्हणून वेगळा विचार करतो. पावतीपुस्तक नसताना, कचेरी नसताना साडेपाच हजार सह्या जमल्या कशा? खात्यात कुणीतरी कुणाला सांगितलं असेल, चाळीत संध्याकाळी बोलणं झालं असेल, खानावळीत जेवताना विषय निघाला असेल, आणि जॉबरने डोळे वटारले नसतील किंवा वटारले तरी माणसं गेली असतील. गिरणीत सभेचा निरोप आजवर असाच फिरत आला आहे, तो आम्ही स्वतः फिरवला आहे. जे जाळं माणसाला कामाला जुंपत होतं, तेच जाळं लोखंड्यांच्या हाकेला उलट फिरलं, असं आमचं मत आहे.

महालक्ष्मीची सभा आणि रविवार

अर्ज दिला म्हणून न्याय मिळाला असं होत नसतं. आयोगापुढे मागण्या गेल्या, कागद वर गेले आणि तिथेच राहिले. पाच-सहा वर्षं गेली. लोखंड्यांनी पाठपुरावा सोडला नाही, १८८९ साली पुन्हा अर्ज केला. मधल्या काळात ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील सभागृहात जोतीरावांचा जाहीर सत्कार होऊन त्यांना महात्मा ही पदवी देण्यात आली. तो सोहळा घडवणाऱ्या मुंबईकर सत्यशोधक मंडळींत लोखंडेही होते.

मग २४ एप्रिल १८९० चा दिवस उजाडला. महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळ कामगारांची सभा भरली. सुमारे दहा हजार कामगार हजर होते. लाऊडस्पीकर नव्हता, लोकल-बसची आजच्यासारखी सोय नव्हती, सभेला गेलो म्हणून उद्या कामावरून काढतील ही भीती होती. तरी दहा हजार माणूस जमलं. आणि विशेष म्हणजे त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी उभं राहून भाषण केलं. १८९० साली! त्यांची नावं इतिहासाने जपून ठेवली नाहीत, पण बाई हजारोंच्या सभेत उभी राहून बोलली हे विसरून चालणार नाही. आपल्या महिला मंडळाने या दोन अनाम मायबहिणींना मनोमन वंदन करावं.

त्या सभेतून आठवड्याच्या सुट्टीची मागणी मालकांच्या संघाकडे गेली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. याच साली हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या फॅक्टरी आयोगाच्या मुंबईतल्या कामात लोखंड्यांचा सहभाग होता. कायद्यासाठी आधीपासून झगडणारे सोराबजी शापूरजी बंगाली हे पारशी सद्गृहस्थही त्यात होते. पुढे १८९१ चा कायदा झाला. त्यात आठवड्याची सुट्टी आली, स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली, नऊ वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी आली आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तास ठरले. पुरुषांच्या तासांना मात्र तेव्हाही मर्यादा घातली गेली नाही.

इतर कार्य

लोखंडे फक्त पगार आणि सुट्टी यांचेच पुढारी नव्हते. विधवा स्त्रियांचं केशवपन करण्याची दुष्ट चाल त्या काळी होती. १८९० साली मुंबईतल्या नाभिक बांधवांनी एकत्र येऊन आम्ही विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असा निर्धार केला, त्यामागे लोखंड्यांची प्रेरणा होती. हाही कामाच्या ठिकाणचाच लढा, फरक इतकाच की इथे कामगाराने पगारासाठी नव्हे तर दुसऱ्याच्या अब्रूसाठी हत्यार खाली ठेवलं.

१८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. गिरणगावात एकाच खात्यात शेजारी काम करणारी माणसं एकमेकांच्या जिवावर उठली. लोखंड्यांनी सभा घेऊन लोकांना शांत केलं, दोन्ही समाजांत सलोखा व्हावा म्हणून खटपट केली. सरकारने पुढे त्यांना रावबहादूर ही पदवी दिली आणि जस्टिस ऑफ द पीस नेमलं. पदवी मिळाली म्हणून त्यांनी कामगारांची संगत सोडली नाही. पदवी मिळाल्यावर वस्ती सोडणारे पुष्कळ आपण पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. सुरुवात मांडवीपासूनच झाली. लोक शहर सोडून पळू लागले, गिरण्या ओस पडल्या. ज्याला गाव होतं तो गावाला गेला. लोखंडे मात्र रोग्यांसाठी इस्पितळ उभारण्याच्या कामात राहिले. याच कामात त्यांना प्लेगने गाठलं आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, पन्नाशीही न गाठता, त्यांचा अंत झाला. त्यानंतर महिन्याभरात, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचंही निधन झालं. एकाच साथीने सत्यशोधकांची ही दोन माणसं नेली.

जे राहून गेलं

आता जी गोष्ट आपल्या काळजाची आहे तिच्याकडे येतो. लोखंड्यांच्या मागण्यांत सुट्टी होती, पगार होता, जखमेची भरपाई होती. पण कामगारांतल्या कामगाराला जी वेगळी पंगत होती, तिचा उल्लेख त्या मागण्यांत नव्हता.

ज्यांचे आजे-पणजे गिरणीत होते त्यांनी घरी ऐकलं असेल. आपल्या माणसाला त्रासन खात्यात, म्हणजे सूत काढण्याच्या खात्यात काम मिळे, झाडूकाम मिळे. पण साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात, त्याला शिरकाव नव्हता. कारण काय? धोट्यातलं सूत संपलं की विणकर नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढून घेई. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही तोंडाला कसा लावणार, असं सवर्ण कामगारांचं म्हणणं! आणि गंमत अशी की विणकामाचा पगार जास्त. म्हणजे विटाळाच्या नावाखाली जादा पगाराची जागा आपल्या जातभाईंसाठी राखून ठेवायची. पाण्याचीही वेगळी सोय. मालकाने असा कायदा केलेला नव्हता. हे केलं ओळखीच्या जाळ्याने. जॉबर आपल्या माणसाला घेणार, शेजारचा विणकर आपल्या भाच्याला काम शिकवणार, आणि ज्याचा कुणी मामा साचेखात्यात नाही त्याने दारातच उभं राहायचं.

हा प्रश्न ऐरणीवर आणला तो परमपूज्य बाबासाहेबांनी. बाबासाहेब स्वतः परळच्या कामगार चाळीत वाढले, बॅरिस्टर होऊन आल्यावरही कित्येक वर्षं परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले. गिरणगाव त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १९२८ साली गिरण्यांचा सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला, तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांपुढे त्यांनी हा सवाल टाकला की अस्पृश्य कामगाराला सर्व खात्यांत काम मिळालं पाहिजे, ही मागणी तुमच्या यादीत का नाही? त्यांच्या रेट्यामुळे ती मागणी यादीत आली. मालकाशी लढताना कामगार एक, आणि काम वाटताना जात वेगळी, हा ढोंगीपणा त्यांनी उघडा पाडला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू असल्याचं त्यांनी बजावलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या बिलाविरुद्ध त्यांनी इतर कामगार पुढाऱ्यांबरोबर एक दिवसाचा संप घडवला. आणि १९४२ ते १९४६ या काळात मजूर मंत्री असताना त्यांनी कायद्यात दुरुस्ती आणून आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणले. लोखंड्यांनी रविवार मिळवला, बाबासाहेबांनी आठ तासांचा दिवस मिळवून दिला. पुरुष कामगाराला १८९१ साली जे नाकारलं गेलं होतं ते असं हाती आलं.

मधल्या काळातला एक दुवा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लोखंड्यांच्या पश्चात गिरणगावात कामगार हितवर्धक सभा निघाली. तिचे पुढारी सीताराम केशव बोले. याच बोल्यांनी १९२३ साली मुंबई कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला, आणि त्याच ठरावाच्या आधारावर १९२७ साली महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. गिरणीतली चळवळ आणि पाण्याची चळवळ यांचे धागे असे गुंतलेले आहेत. जोतीरावांना तर बाबासाहेबांनी आपले गुरूच मानलं.

आपण काय घ्यायचं

आज ते गिरणगाव राहिलेलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, भोंगे थांबले, चिमण्यांच्या जागी काचेचे टॉवर आले. जॉबरही गेला असं कुणाला वाटेल. पण जॉबर गेलेला नाही, त्याने नाव बदललं आहे. आता त्याला ठेकेदार म्हणतात. त्या टॉवरमध्ये झाडू मारणारी आपलीच मुलं-मुली ठेकेदारामार्फत जातात. पगारातून त्याचा वाटा कापला जातो, उद्या येऊ नको म्हटलं की दाद मागायला जागा नाही. आणि वरच्या मजल्यावर शिकलेल्यांच्या नोकरीतही ओळख चालतेच. कुठे जागा निघाली हे आधी ज्याच्या नातलगाला कळतं, त्याचाच अर्ज आधी पोचतो.

आम्ही स्वतः एका गिरणीत बदली म्हणून लागलो तेव्हा महिनेन्महिने दारात उभं राहून परत यावं लागे, आणि आमच्या मागून आलेला जॉबरचा गाववाला आत जाई. तेव्हा राग यायचा. आता वाटतं, नुसत्या रागाने काही होत नाही. ज्यांचं जाळं नाही त्यांनी आपलं जाळं विणलं पाहिजे. मात्र ते केवळ आपल्या पोरापुरतं, भाच्यापुरतं विणलं तर आपणही जॉबरच होऊ. तथागतांनी संघाला शरण जायला सांगितलं. संघात येणाऱ्याची जात आणि कूळ विचारलं जात नव्हतं, उपालीसारखा नाभिक तिथे मोठ्या मानाने नांदला. ओळख असावी ती अशी.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. विहाराच्या फळ्यावर सुविचाराच्या खाली नोकरीच्या जाहिराती लागल्या पाहिजेत. ज्याला जिथे जागा निघाल्याचं कळेल त्याने ती माहिती घरात लपवून न ठेवता इथे आणून लावावी. वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी रविवारी दोन तास अर्ज लिहून द्यायला बसावं. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या आयाबहिणींनी पगाराची पावती, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर मागून घ्यावा, एकटीला भीती वाटत असेल तर दहाजणींनी मिळून मागावा. लोखंड्यांकडे पावतीपुस्तक नव्हतं, कचेरी नव्हती. आपल्याकडे तर विहाराची पक्की इमारत आहे.

२००५ साली भारत सरकारने लोखंड्यांच्या नावाने टपाल तिकीट काढलं. परळला राज्य सरकारच्या श्रम विज्ञान संस्थेला त्यांचं नाव आहे. हे योग्यच झालं. पण तिकिटावर शिक्का बसतो आणि पाटी वाचायला कुणी थांबत नाही. दरवर्षी ९ फेब्रुवारीला त्यांचा स्मृतिदिन येतो. त्या दिवशी आपल्या विहारात त्यांचा फोटो लावून निदान तासभर तरी त्यांच्या कामाची माहिती मुलांना द्यावी, आणि त्या कार्यक्रमात दोन बायकांनी उभं राहून बोलावं, एवढी आमची मंडळाला नम्र विनंती आहे.

जय जोती, जय भीम!